आधी पाटी, मग मत? : बडोदे राज्यातील शिक्षण आणि स्वराज्य



या व्याख्यानमालेत बडोद्यावर बोलायचे म्हणजे श्रीमंत सयाजीराव महाराजांवर बोलायचे, आणि महाराजांवर बोलायचे म्हणजे त्यांचा गौरव करायचा, अशी आपल्याकडची रीत आहे. ती रीत वाईट नाही. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा त्या दरबारच्या चाकरीत या गावी आले आणि इथलेच झाले. तेव्हा कृतज्ञता आपल्या घरातच आहे, ती सभेत येऊन शिकावी लागत नाही. आज मला त्या गौरवाच्या थोडे पलीकडे जायचे आहे. एका राजाने आपल्या रयतेला हुकूम सोडून वाचायला शिकवले. ती रयत वाचायला लागल्यावर काय झाले, आणि जे झाले त्यात आपण मराठी माणसे कुठे उभे होतो, हे मला पाहायचे आहे.

आरंभ बडोदे शहरापासून दूर करावा लागेल. गायकवाडी मुलूख सलग नव्हता, हे आपण जाणताच. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे चार प्रांत, मध्ये इंग्रजी अमलातले जिल्हे आणि इतर संस्थाने. यांतला अमरेली काठेवाडात. तिथल्या तालुक्यातील दहा गावांत १८९३ साली महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. शाळा सरकारने काढायची, फी घ्यायची नाही, आणि ठरावीक वयाचे मूल शाळेत आले नाही तर बापाला दंड. तेव्हा हिंदुस्थानात असे कुठेच नव्हते. तेरा वर्षे हा प्रयोग हळूहळू वाढत गेला आणि १९०६ साली कायद्याने तो सबंध राज्याला, म्हणजे सुमारे वीस लाख वस्तीला, लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयाची मर्यादा होती. मुलीही त्यात होत्या, हे विसरू नये.

शेतकऱ्याला हे आवडले असेल, अशी कल्पना कोणी करू नये. गुरे राखणारे पोर शाळेत गेले की गुरे कोणी राखायची, हा प्रश्न खराच होता. दंडाच्या रकमा वर्षानुवर्षे वसूल होत राहिल्या, यावरून विरोधाचे मान कळते. या प्रयोगाच्या मुळाशी रयतेची मागणी नव्हती, एका माणसाची समजूत होती. आणि तो माणूस कोण? नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळराव. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला धड अक्षरओळख नव्हती. पुढची सहा वर्षे इलियट साहेबाच्या हाताखाली त्याने पाटीवर घालवली. १८८१ च्या डिसेंबरात मुखत्यारी हाती आली. ज्याला स्वतःला उशिरा आणि कष्टाने अक्षर भेटले, तो त्याची किंमत विसरत नाही. पण ज्याला ते हुकमाने मिळाले त्याला हुकमाचाही भरवसा फार वाटू लागतो, असे मला महाराजांच्या कारकिर्दीकडे पाहताना वाटत आले आहे.

१८७५ ची आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. मल्हारराव महाराजांची चौकशी करण्यासाठी सरकारने सहा जणांचे कमिशन नेमले होते. तीन इंग्रज सभासद एका बाजूला आणि ग्वाल्हेरचे महाराज, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला, असे मत दुभंगले. तरी मल्हाररावांना गादीवरून काढलेच. त्यांच्या जागी कोण यावे हेही कलकत्त्याला आणि राजवाड्यात ठरले. ज्या रयतेच्या नावाने हे सारे चालले होते तिला एका शब्दानेही विचारले गेले नाही. विचारायचे कसे, हेच कोणाला माहीत नव्हते.

ब्रिटिश मुलखातली स्थिती याच्या उलट होती. तिथे सभा होत्या, वर्तमानपत्रे होती, कायदेकौन्सिलात आपली माणसे होती, पण शाळा नव्हत्या. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. ती कागदातच राहिली. मग १९१० साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेकौन्सिलात हाच विषय काढला आणि बडोद्याचा दाखला दिला. एका देशी राजाला जे साधते ते बलाढ्य इंग्रज सरकारला का साधू नये, असा त्यांचा सवाल होता. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी बिल आणले. बिल फार मवाळ होते. सक्ती करायची की नाही ते स्थानिक संस्थांनी ठरवायचे, तेही सरकारची परवानगी घेऊन, आणि ज्या भागात आधीच पुरेशी मुले शाळेत जातात तिथेच. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. लोकांना सक्ती नको आहे, वेळ आलेली नाही, पैसा नाही, अशी कारणे दिली गेली. त्यातला विनोद असा की, हेच सरकार स्वराज्याची मागणी आली म्हणजे सांगे, ‘तुमचे लोक अडाणी आहेत, त्यांना राज्य कसे द्यावे?’ शिकवायचेही नाही आणि शिकलेले नाहीत म्हणून द्यायचेही नाही.

बडोद्यात निदान अर्धे कोडे सुटले होते. पण चार इयत्ता शिकून शेतावर परतलेला मुलगा दोन-चार वर्षांत अक्षर विसरतो, हे महाराजांच्या लवकरच ध्यानात आले. वाचायला काही नसेल तर वाचता येऊन उपयोग काय? तेव्हा ग्रंथालये. अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक वाचनालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली न्यू हेवनचे विल्यम बॉर्डन यांना त्यांनी बडोद्यास बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. राजवाड्यातल्या संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तके महाराजांनी देऊन टाकली आणि तिथून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. मांडवीजवळची त्याची इमारत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन हवे ते पुस्तक काढावे, ही बॉर्डनची पद्धत. ज्या देशात पोथी कोणी शिवावी याचे नियम होते, त्या देशात हे केवढे, याचा विचार आपण करत नाही.

खेड्यांसाठी दुहेरी व्यवस्था होती. गावकऱ्यांनी शंभर रुपये जमवले तर शंभर प्रांत पंचायतीने आणि शंभर सरकारने द्यायचे, असा एक नियम. जिथे तेही शक्य नाही तिथे फिरती ग्रंथालये. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावोगाव जाई आणि वाचून झाली की परत येऊन दुसरी जाई. या कामात मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने जन्म घातला. राजाच्या हुकमाइतकेच त्यांच्या पायपिटीचे ते फळ आहे, हे सांगायला हवे, कारण आपल्या मराठी गौरवग्रंथांत त्यांचे नाव ओझरते येते. बॉर्डनच्या काळात सुरू झालेले ग्रंथालयांचे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. राज्यातील बहुसंख्य प्रजा गुजराती आणि राजा मराठी. पण महाराजांनी कारभार गुजरातीत चालवण्याचा आग्रह धरला. कायदे लोकांच्या भाषेत छापून निघत. १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश त्यांनी सिद्ध करवला. कायदा समजला पाहिजे, ही त्यांची ओढ खरी होती. न्यायखाते आणि मुलकी खाते १९०४ मध्येच वेगळे झाले. वहिवाटदाराच्या हातून फौजदारी खटले चालवण्याचे अधिकार काढून घेणे ब्रिटिश मुलखात काँग्रेस वर्षानुवर्षे मागत होती आणि तिला ते मिळत नव्हते.

इतके सारे आहे. मग खोट कुठे?

१९०८ साली बडोद्यात धारासभा स्थापन झाली. नाव मोठे, अधिकार बेताचे. सभासदांत सरकारी आणि नेमलेले अधिक, निवडून आलेले थोडे. त्यांनी कायद्यांवर बोलावे, प्रश्न विचारावेत, सल्ला द्यावा, पण शेवटचा शब्द महाराजांचा. पुढची तीस वर्षे यात मोठा फरक पडला नाही. दहा गावांतल्या शाळेपासून सबंध राज्याच्या शाळांपर्यंत यायला तेरा वर्षे लागली होती. सल्ला देणाऱ्या सभेपासून निर्णय घेणाऱ्या सभेपर्यंत यायला तीस वर्षेही पुरली नाहीत. महाराजांची समजूत प्रामाणिक होती, यात मला शंका नाही. आधी रयत शहाणी होऊ द्यावी, मग तिच्या हाती कारभार द्यावा. पण ती पुरेशी शहाणी झाली हे ठरवायचे कोणी? ज्याच्या हातून कारभार जायचा त्यानेच!

महाराजांचेही हात बांधलेले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. बॅरिस्टर केशवराव देशपांडे हे राज्यातले अधिकारी आणि अरविंद घोषांचे जिवलग. नर्मदाकाठी चांदोद येथे त्यांनी गंगनाथ विद्यालय सुरू केले होते. राष्ट्रीय शिक्षणाची ती शाळा, काका कालेलकर तिथे शेवटी मुख्याध्यापक होते. शाळा पुढे बडोद्यास आली, इंग्रजांच्या डोळ्यांत खुपू लागली आणि १९११ मध्ये बंद करावी लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली दरबारात बादशहापुढे महाराज नीट वाकले नाहीत, पाठ फिरवून गेले, असा गवगवा झाला आणि त्यांना लेखी दिलगिरी द्यावी लागली. रयतेला वाचू द्यायची मोकळीक त्यांना होती. वाचून तिने काय म्हणावे, यावर रेसिडेन्सीचा पहारा होता. तरीही, एक शंका उरते. रेसिडेंट नसता तर त्यांनी धारासभेला अधिकार दिले असते का? मला वाटत नाही.

आता एका माणसाकडे वळतो. १९१३ साली महाराजांनी भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करायची असा करार. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. १९१७ ची गोष्ट सांगताना आपला आवाज जरा खाली येतो. कराराप्रमाणे आंबेडकर बडोद्यास नोकरीवर हजर झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नव्हता. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात आले आणि त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती ओळखीचा, दोघांनीही घरात घेण्याबद्दल अंग काढले. मुंबईची गाडी रात्री होती. तोपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

हे सारे ज्या शहरात घडले तिथे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अकरा वर्षे जुना होता. अंत्यज मुलांच्या शाळा महाराजांनी त्याच्याही कितीतरी आधी काढल्या होत्या. तिथे सवर्ण शिक्षक जाईनात, म्हणून मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागले. आंबेडकरांना ज्यांनी दार लावले ते अडाणी नव्हते. ते आपल्यासारखे होते, म्हणजे शिकलेले, नोकरदार, वर्तमानपत्र वाचणारे. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात एखाद्या मराठी घराने तेव्हा जागा दिली असती तर ती आज आपल्या समाजाच्या इतिहासातली पहिली ओळ झाली असती. कोणी दिली नाही.

आणि म्हणूनच १९२९ साल मला फार महत्त्वाचे वाटते. सायमन कमिशनच्या निमित्ताने मुंबई प्रांताची जी समिती होती तिच्या अहवालाला आंबेडकरांनी स्वतंत्र निवेदन जोडले. त्यात त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला आणि साक्षरतेची अट साफ नाकारली. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला समजही नसते, हे एक चुकीचे गृहीत. ज्याला येते त्याला अधिक समज असते, हे दुसरे. असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीने जगातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एक झालेला हा गृहस्थ सांगतो की, मत द्यायला पाटीची वाट पाहू नका. कमाटीबागेतली ती संध्याकाळ या वाक्यामागे होती असे मी म्हणत नाही, ते सिद्ध करता येणार नाही. पण शिकलेल्या लोकांच्या शहाणपणाबद्दल त्यांचा भ्रम राहण्याचे काही कारणही नव्हते.

आता आपल्याकडे येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात बडोदे राज्यात प्रजामंडळ स्थापन झाले. त्याचे एक पुढारी डॉ. सुमंत मेहता हे मुळात राज्याच्याच वैद्यकीय खात्यातले. हे नीट पाहण्यासारखे आहे. राज्याच्या शाळांत शिकलेले, राज्याच्या ग्रंथालयात वाचलेले लोकच राज्याकडे हिशेब मागू लागले. सारावाढ का, महाराजांच्या परदेशवाऱ्यांचा खर्च किती, धारासभेत आमची माणसे थोडी का. पेटीतून गावोगाव पाठवलेल्या पुस्तकांनी आपले काम केले होते. महाराजांना ते आवडले नसेल, पण त्यांनीच पेरलेले ते पीक होते.

१९३८ च्या ऑक्टोबरात भादरण येथे प्रजामंडळाचे अधिवेशन वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी झाली. पुढच्या जानेवारीत पटेल बडोदे शहरात आले तेव्हा दंगा उसळला, आणि त्याला मराठी-गुजराती असा रंग चढला. दरबारी नोकऱ्यांत मराठी माणसांची संख्या त्यांच्या वस्तीच्या मानाने किती, हा प्रश्न चर्चेत आला होता आणि आपली माणसे दुखावली होती. माझ्या लहानपणी घरातली वडीलधारी मंडळी या प्रसंगाचा विषय निघाला की एकमेकांकडे पाहून गप्प होत. मोठेपणी मी वाचले तेव्हा त्या गप्प बसण्याचा अर्थ थोडा लागला.

आपल्या लोकांची भीती अगदी खोटी नव्हती. मतांवर राज्य चालायचे म्हणजे थोड्यांनी फार जणांच्या मर्जीवर राहायचे. राजा होता तोवर आपल्याला संख्या मोजावी लागत नव्हती. पण त्या भीतीपोटी आपण ज्या बाजूला उभे राहिलो ती बाजू रयतेची नव्हती. सुबोध पत्रे वाचणारे, आगरकरांची नावे घेणारे, मिल्लच्या स्वातंत्र्यावरील ग्रंथावर चर्चा करणारे आपण, शेजारच्या गुजराती माणसाने तेच स्वातंत्र्य या गावी मागितले तेव्हा त्याला म्हणालो, ‘इथे कशाला? इथे आमचे महाराज आहेत.’ सगळेच असे म्हणाले नाहीत. पण बहुतेक म्हणाले. जे म्हणाले नाहीत त्यांची नावे शोधून काढण्याचे काम आपल्या संस्थेने हाती घ्यावे, ही माझी विनंती आहे. घरोघरच्या जुन्या पत्रांत ती सापडतील.

या दंग्यानंतर महिन्याच्या आतच, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. पुढच्या वर्षी प्रतापसिंह महाराजांच्या काळात धारासभेची नवी रचना झाली आणि निवडून आलेल्यांना बहुमत मिळाले. मताधिकार तेव्हाही सर्वांना नव्हताच. सप्टेंबर १९४८ मध्ये बडोद्यात लोकांना जबाबदार असलेले मंत्रिमंडळ आले. त्याचे प्रमुख डॉ. जीवराज मेहता. ते एके काळी राज्याच्या वैद्यकीय खात्याचे मुख्य होते आणि त्यांच्या पत्नी हंसाबाई या माजी दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. डॉक्टरांचा जन्म अमरेलीचा, १८८७ चा. म्हणजे सक्तीचा हुकूम निघाला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. त्यांना कोणी दंडाच्या धाकाने शाळेत घातले असेल, असे मी सुचवत नाही. ते ज्या गावचे, त्याच्या आसपासच्या खेड्यांत ही सारी गोष्ट सुरू झाली, एवढेच. ते मंत्रिमंडळ जेमतेम आठ महिने टिकले. १ मे १९४९ रोजी राज्य मुंबई इलाख्यात विलीन झाले. ज्या स्वराज्यासाठी इतकी वर्षे वाट पाहायला लावली, ते चालवून पाहायला बडोदे राज्याला वर्षही मिळाले नाही.

मग १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि पेटीवर चिन्ह असे, कारण मतदारांतल्या फार मोठ्या संख्येला नाव वाचता येत नव्हते. अमरेली जिल्ह्यातही तशाच पेट्या गेल्या. त्या दहा गावांत १८९३ साली ज्यांच्या बापांनी दंड भरून मुले शाळेबाहेर ठेवली होती, त्यांतली काही मुले तोवर साठी-सत्तरीची झाली होती. जी शाळेत गेली होती तीही त्याच वयाची. दोघेही एकाच रांगेत उभे राहिले असतील, आणि आत गेल्यावर दोघांच्या हातात सारखेच कागद पडले असतील.